एकसारख्या दोन रीली

माझ्या जावयानं माझ्या बायकोची रील बदलली, असं मी श्रावणापासून पौषापर्यंत धरून चाललो. तिची चांगली त्यानं ठेवून घेतली आणि आपली खराब झालेली मला पाठवली, असा शक होता. खरं निघालं तर मुलीच्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, हेही ठरवून टाकलं होतं. मुलगी एकच आहे. बायको फाल्गुनात गेली. म्हणजे मला जायला दुसरं घरच नव्हतं, हे माहीत असून ठरवलं होतं.

रील म्हणजे काय, ते आधी सांगतो. नागपुरात समुद्र नाही, त्यामुळं इथं ती फार कुणी पाहिलेली नसते. पतंगाची चक्री असते ना, तशीच ही गळाच्या काठीला लावायची चक्री. मूठ फिरवली की दोरी गुंडाळली जाते. तलावावर लहानशी चालते. पण समुद्राच्या वाळूत उभं राहून लाटांच्या पलीकडं गळ फेकायचा तर मोठी लागते, कारण दोरी खूप लागते आणि ती सरसर सुटावी लागते.

हे सगळं मला बायकोमुळं कळलं. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. शेतकऱ्याची पोर, पण लहानपणी बांबूच्या काडीला गळ बांधून नदीवर बसायची. लग्नानंतर ते सुटलं. सासरी शेणगोठा होता, मग मी कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर झालो, मग मनीषनगरात दोन खोल्या बांधल्या. चाळीस वर्षं तिनं गळाचं नाव काढलं नाही. मुलगी नर्स झाली, कोकणात नोकरी लागली, तिथंच लग्न केलं. जावई तिकडचाच, पंचायतीत कारकून. ऑफिस सुटलं की काठी घेऊन वाळूवर उभा राहायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो, त्याच संध्याकाळी बायको त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, मले दाखवा बरं कसं फेकता ते."

वय बासष्ट, गुडघे दुखणारे, नऊवारी नाही पण पाचवारी वर खोचलेली. मी समुद्राकडं पाठ करून बसलो होतो. जे पाणी पिता येत नाही, ते एवढं मोठं असून काय कामाचं, असं माझं मत होतं आणि आहे.

घरी आल्यावर म्हणाली, मला स्वतःची रील पाहिजे. जावयानं फोनवर सांगितलं, "बाबा, बॉडी धातूची बघा. दोरीचं चाक लांब आणि रुंद बघा, म्हणजे फेक लांब जाते. पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची सील आहे का विचारा. बेअरिंग किती, यावर जाऊ नका." मी म्हटलं, बेअरिंगवर जाऊ नका म्हणून हा काहून सांगून राहिला? माझं आयुष्य बेअरिंगमध्ये गेलं. याचा काही तरी मतलब असेल.

गांधीबागेच्या पलीकडं एका गल्लीत जाळी, दोर, गळ विकणारं दुकान आहे. तिथं गेलो. खिशात चुंबक घेऊन गेलो होतो. मी कुठंही स्टीलचं काही घ्यायला जातो तर चुंबक नेतो; चांगल्या, न गंजणाऱ्या स्टेनलेसला तो चिकटत नाही.

दुकानदारानं एक चमकणारी रील पुढं ठेवली. "ये लो बाबूजी. समुद्राचीच आहे. बारा बेअरिंग."

"बारा बेअरिंग म्हणजे गंजायले बारा जागा," मी म्हटलं.

"स्टेनलेस आहे काका पूरी."

मी चुंबक काढून स्क्रूला लावला. चटकन चिकटला. दुकानदार चुंबकाकडं पाहतच राहिला.

"काका, तुम्ही रील घ्यायले आले का छापा टाकायले?"

दुसरीचंही तेच झालं. तिसरी काळी होती, फारशी चमक नाही. तिचे स्क्रू चिकटले नाहीत. मूठ आडवी हलवून पाहिली, ढिली नव्हती. कानाला लावून फिरवली, आत घरघर नव्हती. उघडून दाखव म्हटलं तर तो म्हणाला, उघडली की वॉरंटी गेली. म्हणजे आत काही लपवलेलं असेल, असं मला वाटलं. मी ठेवून देणार होतो. तेवढ्यात बायकोनं ती उचलली, डोळे मिटले आणि डाव्या हातानं दहा-बारा वेळा फिरवली.

"हे घ्या," ती म्हणाली. "हातात बसते."

"आतून पाह्यली नाही अजून."

"मले तं तुमच्या बापानं बाहेरूनही पाह्यलं नव्हतं. घ्या आता."

दुकानदार हसला. मी घेतली. तीनशे मीटर विणलेली दोरीही घेतली, रेशमासारखी बारीक, पण हातानं तुटत नाही अशी. ती मी स्वतः गुंडाळून दिली, पूर्ण तीनशे. मूठ गुळगुळीत होती आणि तिची बोटं आखडायची, म्हणून तिनं ब्लाउजपीसची हिरवी पट्टी मुठीवर गुंडाळून शिवून टाकली.

त्या हिवाळ्यात कोकणात गेलो तर जावयाला आमची रील इतकी आवडली की त्यानं महिन्याभरात हुबेहूब तशीच मागवली. काळी, तोच नंबर, तोच आकार. मला ते तेव्हाच खटकलं होतं. एका घरात दोन सारख्या वस्तू कशाला, असं मी बायकोला म्हटलंही.

"तुम्हाले सगळ्यायचाच शक येते," ती म्हणाली. "उद्या मले म्हणाल, बदलून आली का म्हणून."

समुद्रावरून आलं की जावई रील अंगणातल्या नळाखाली धरायचा. पहिल्या दिवशी त्यानं आमचीही घेतली, तर मी हातातून काढून घेतली.

"मशिनीवर पाणी कोण टाकते?"

"बाबा, मीठ धुवायला लागतं. गोडं पाणी, हळू धार. जोरात मारलं तर मीठ आत जातं."

"तेल टाकतो मी. तुम्ही तुमची धुवा."

फिटरचं काम तीस वर्षं केलं, त्यानंतर आजपर्यंत घरी कूलरच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटारीत पाणी गेलं की मोटार मेली, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आमच्याकडं मशीन कोरड्या फडक्यानं पुसतात, धूळ काढतात, तेल देतात. मी तसंच करत होतो. संध्याकाळी रील पुसायची, शिलाई मशीनचं तेल टाकायचं, ठेवायची. पहिला हिवाळा काही झालं नाही. म्हणजे माझंच बरोबर, असं मी जावयाला ऐकवलंही. बायको भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे तिच्या शेवटच्या, एकदा ती कुरकुरली. "अहो, मोठा मासा ओढते तं दोरी थांबतच नाही. सरकत जाते."

रीलच्या डोक्यावर एक टोपी असते. ती आवळली की दोरी कडक सुटते, ढिली केली की सहज. मासा फार ओढू लागला तर थोडी सुटावी, तुटू नये, यासाठी ती. मी पकड घेतली आणि ती टोपी करकर वाजेपर्यंत आवळून दिली. "आता थांबन," म्हटलं. त्यानंतर तिनं तक्रार केली नाही. मला वाटलं, दुरुस्त झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी रील पुसली, नेहमीपेक्षा दुप्पट तेल टाकलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून सुतळी बांधली आणि मुलीच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. जावयाला बजावलं, "हिले कोणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी आम्ही येऊ तवाच उघडायची."

पुढचं वर्ष आलं नाही. फाल्गुनात एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली. मी म्हटलं, काय झालं वं. तिनं काही सांगितलं नाही. चहाचं भांडं मात्र तिनं नीट खाली ठेवलं होतं, सांडलं नव्हतं.

श्रावणात मी मुलीला फोन केला, तिची रील पाठव. पार्सल आलं. उघडलं तर मूठ फिरेना. कडेला पांढरी भुकटी साचलेली, दोरी जिच्यावरून फिरते ती बारीक चकती जाम, तारेची कमान अर्ध्यात अडकलेली. मुठीवर हिरवी पट्टी नाही. मी चुंबक लावला. चिकटला नाही. पण त्यानं काय ठरणार, दोन्ही रीली एकाच जातीच्या.

मी फोन लावला.

"मिळाली का बाबा?"

"मिळाली. कोणाची होय?"

"कोणाची म्हणजे? आईची."

"आईच्या मुठीवर हिरवी पट्टी होती."

"आईनंच काढली होती ते. ओली राहते म्हणे."

"मले नाही सांगितलं तिनं."

"तुम्हाले सगळं सांगत होती का ती?"

मी फोन ठेवून दिला. आठ दिवसांनी मुलीनं जावयाचा फोटो पाठवला, हातात मासा, खांद्यावर काठी. काठीला रील. काळी, चकचकीत. मी चष्मा लावून, मोठा करून पाहिला. आता कोणीही विचार करून सांगावं. एक रील रोज समुद्रावर जाते, ती चमकते. दुसरी तेल लावून, पिशवीत बांधून पेटीत ठेवली, ती गंजते. असं कुठं असते का? मशीनचा माणूस एवढं तरी समजतो. मी मुलीला कळवलं, "तुझ्या नवऱ्याले सांग, चांगली चीज त्यालेच राहू दे."

त्यानंतर जावयाचा एकच मेसेज आला. मूठ जोर लावून फिरवू नका, दोरी पूर्ण काढा, चाक बघा, मग बोलू. मला वाटलं, आता हा मलाच माझं काम शिकवून राहिला. आणि दोरी काढायला काहून सांगून राहिला? म्हणजे सगळं विस्कटलं की कुठली रील कुणाची, हे कुणाला ठरवता येऊ नये. मी दोरीला हात लावला नाही. रील देवळीत ठेवली, तिच्या फोटोखाली. पण फोटोकडं पाहिलं की खाली ही दिसायची, आणि ती तिची नाही, असंच दिसायचं. मग मी रील उचलून पलंगाखाली ठेवली.

पौषात मुलीचा फोन आला. वर्षश्राद्ध झालं की चार दिवस इकडं या, आई जिथं उभी राहायची तिथं जाऊन येऊ. मी येणार नाही म्हटलं. काहून, तर सांगितलं नाही. ती म्हणाली, "मले माहीत आहे काहून. बाबा, तुमचा शक तुम्ही खरा तरी करून दाखवा नाही तं सोडून द्या. मले दोघांच्या मधात नका ठेवू."

ते मला लागलं. खरा करून दाखवायचा, तर पुरावा पाहिजे. रात्रभर विचार करून नाही, सकाळी चहा पिता पिताच सुचलं. दोरी. मी पूर्ण तीनशे मीटर गुंडाळली होती, मोजून. जावयाची रील असेल तर तीनशे भरणार नाही, रोजच्या वापरानं त्याची दोरी तुटून कमी झालेली असणार.

आमच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर आलेल्या आहेत, पुढचा मजला बांधू म्हणून ठेवलेल्या, जो आता बांधला जाणार नाही. दोन सळ्यांमध्ये एक फेरा म्हणजे वीस मीटर. पंधरा फेरे झाले तर रील तिची. मी डोक्याला रुमाल बांधला आणि दोरी काढत गच्चीवर फेऱ्या मारू लागलो. मिठानं दोरीचे पदर एकमेकांना चिकटलेले होते, हळूहळू सोडवावे लागत होते. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंगाचे दिवस सुरू झालेले. शेजारची बाई कपडे वाळत घालायला आली आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काका, या वयात मांजा सुतून राहिले का?"

"मांजा नाही वं. मासोळीची दोरी होय."

"गच्चीवर मासोळ्या?" तिनं वर आभाळाकडं पाहिलं. "सांभाळा गा काका. नायलॉनचा मांजा समजून पोलीस नेतील तुम्हाले, मग आम्हाले जामिनाले या लागन."

मी फेरे मोजत राहिलो. नऊ. दहा. अकरा. बारावा अर्ध्यात असताना दोरी संपली. दोनशे तीस मीटर. सत्तर मीटर कमी.

सापडला, मी म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं असेन, कारण शेजारीण पुन्हा वळली. खूश झालो होतो का, तर नाही. पण बरोबर ठरलो होतो. मुलीला काय सांगायचं, ते मनात जुळवायलाही लागलो.

मग हातातल्या रीलकडं पाहिलं. दोरी संपली होती, पण चाक उघडं पडलं नव्हतं. त्यावर अजून काहीतरी गुंडाळलेलं होतं. जाड, पिवळं, ओलसर. मी नखानं पदर उचकला. सुती दोरा होता. गोधडीचा दोरा. गांधीबागेतून ती किलोनं आणायची तो, पिवळा, कारण पिवळ्यावर मळ दिसत नाही म्हणायची. माझ्या अंगावर आता जी गोधडी असते, तिच्यात तोच आहे. एकावर एक, जवळ जवळ, कुठं फट नाही, आणि शेवटाला तिची गाठ. दोन वळसे आणि टोक खालच्या पदरात दाबलेलं. अशी गाठ मी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिलेली नाही.

मी गच्चीवर उन्हातच बसलो.

बसल्या बसल्या सगळं लागोपाठ कळत गेलं. टोपीत काही बिघाड नव्हताच. विणलेली दोरी गुळगुळीत असते, धातूचं चाक त्याहून गुळगुळीत. दोरीचा सगळा गोळाच चाकावर फिरत होता. मी टोपी आवळत बसलो आणि बिघाड तिच्या खाली, चाकावर होता. तिनं खाली सुताचा थर दिला. सुतानं जागा खाल्ली, म्हणून वर दोरी कमी मावली.

आणि गंज? तेही मला माहीत असायला पाहिजे होतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी मी लोकांना सांगतो, कूलर ठेवण्याआधी टाकी आणि पंप साध्या पाण्यानं धुवा, बोअरच्या पाण्याचा क्षार आत राहिला तर पुढच्या वर्षी पंप फिरणार नाही. मोटार मात्र कोरडी ठेवा. मी रीलला मोटार समजलो, ती टाकी होती. तेल टाकून मी मीठ आतच कोंडलं होतं. वरून पिशवी, वरून सुतळी, वरून कोकणातला पावसाळा.

जावयाला फोन लावला. त्यानं उचलला.

"जावईबापू," मी म्हटलं, "हा पिवळा दोरा कोणी गुंडाळला?"

"आईंनी. मी वरची दोरी ओल्या फडक्यात ताणून धरली होती. अख्खी दुपार गेली. तुम्ही बाजारात होतात."

"मले काहून नाही सांगितलं?"

"आई म्हणाल्या, सांगू नका. त्यांनी पकडीनं आवळून दिलंय, त्यांना वाटतंय दुरुस्त झाली. वाटू दे."

"आणि पहिल्या हिवाळ्यात रील कशी नाही गंजली?"

"तुम्ही चहाला टपरीवर गेलात की आई ती मला धुवायला द्यायच्या. मग पुसून, तुमचं तेल पुन्हा लावून ठेवायच्या. शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतःच बांधलीत, मग आम्हाला काही करता आलं नाही. आई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू."

"सत्तर मीटर दोरी?"

"माझ्याकडं आहे. आईंची म्हणून वेगळी ठेवलीय."

"मी तुमच्यावर शक घेतला."

"माहीत आहे. श्रावणापासून तुम्ही मला जावईबापू म्हटलं नाहीत. तुझा नवरा, तुझा नवरा करत होतात. आज म्हटलंत, तेव्हाच कळलं दोरा सापडला."

"मेसेजात दोऱ्याचं काहून नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, यानंच भरला."

खरं होतं. म्हणालो असतो.

त्यानं सांगितलं तशी मी रील उघडली. वॉरंटी गेली तर जाऊ दे. दोन बेअरिंग खलास झाली होती, ती माझ्या नेहमीच्या दुकानातून त्याच मापाची आणली. दातेरी चाकं शाबूत होती. जुनं तेल आणि मीठ मिळून जो लगदा झाला होता, तो ब्रशनं काढला, ग्रीस भरलं, चकतीला एकच थेंब तेल दिलं. एकच. टोपी पूर्ण ढिली करून ठेवली. ती आवळून ठेवली की आतल्या चकत्या चिकटून जातात, हेही जावयानंच सांगितलं. मी लिहून घेतलं.

राहिला दोरा. "तो काढून टाका बाबा," जावई म्हणाला, "सुती आहे, मीठ धरून ठेवतो. खाली नायलॉनचा थर द्या." खरंच आहे. मिठानं चाक जिथं सर्वात जास्त खाल्लं होतं, ते त्या दोऱ्याखालीच. मशीनच्या दृष्टीनं तो दोरा चूक आहे.

मी तो उलगडला, पण तिची गाठ सोडली नाही. गाठ तशीच ठेवायची म्हणून टोक कापलं. स्टीलच्या पातेल्यात फिल्टरचं पाणी घेतलं आणि त्यात बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी थोडं कमी. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही, वय झालं, म्हणून शेजारणीला चाखायला सांगितलं. ती म्हणाली, "काका, आधी गच्चीवर मासोळ्या पकडल्या, आता मले दोरा धुतलेलं पाणी पाजून राहिले." पण तिनं चाखलं. "किंचित आहे," म्हणाली.

पाचव्या दिवशी पाण्याला काहीच चव नव्हती. शेजारणीलाही लागली नाही, मलाही लागली नाही. मी दोरा दोन सळ्यांमध्ये वाळत घातला, जिन्याच्या बाजूला, सावलीत. उन्हात पिवळा रंग उडतो, म्हणून ती गोधडीचा दोरा कधी उन्हात घालायची नाही. वाळला की तो मुठीवर गुंडाळणार आहे, हिरव्या पट्टीच्या जागी. वर्षश्राद्धानंतर तिकडं गेलो की ओला राहील म्हणून जावई नाही म्हणेल. त्यानं रोज काढून धुवावा, मी शेजारी उभा राहून पाहीन.